श्री नावाचा फोल्डर

"ब्रेक लिंक दाबा," नाईकनवरे साहेब म्हणाले.

माझा हात माऊसवर होता. मॉनिटरवर खंडेनवमीचा झेंडूचा हार अजून तसाच होता, सुकून काळपट पडलेला. कीबोर्डवर कुणी तरी मन लावून हळदकुंकू वाहिलं होतं, त्यामुळे एन्टरचं बटण दाबलं की खालीच बसायचं.

"का?" मी विचारलं.

साहेब आमच्या हॉस्पिटलचे प्रशासक. 'का' हा शब्द ऐकायची त्यांना सवय नव्हती. "का म्हणजे? ड्यूटीची फाइल उघडली की दरवेळी तो चौकोन येतो. अपडेट करू का, नको करू का. उद्या ट्रस्टींसमोर मोठ्या पडद्यावर फाइल लावायची आहे. असले प्रश्न विचारणारी फाइल मला नको. ब्रेक लिंक दाबलं की ती कटकट कायमची बंद होते असं तारळेकर म्हणाला."

"कटकट बंद होते. फाइलही बंद होते."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता जे दिसतंय तेच कायम दिसत राहतं. मग वॉर्डात काहीही होवो."

"तेच तर हवंय, आवटी सिस्टर," साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. एवढे जवळ ते कधी बसत नसत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी दसऱ्याची रजा संपवून त्याच सकाळी माहेराहून आले होते, तोंडात अजून आईच्या हातच्या कडाकण्यांची चव होती आणि हॉस्पिटलात काय शिजतंय याचा मला पत्ता नव्हता.

या फाइलींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या माझ्या होत्या. मी मुळात वॉर्डातली सिस्टर. पाठीच्या मणक्याने दगा दिला तेव्हा रणभिसे मेट्रनने मला घरी न बसवता नर्सिंग ऑफिसात घेतलं. तिथे प्रत्येक वॉर्डातून ड्यूटीचा कागद यायचा, आणि तो पुन्हा उतरवून काढण्यात ऑफिसचा अर्धा दिवस जायचा. उतरवताना कुणाची रात्रपाळी कुणाच्या गळ्यात पडायची याची गंमत फक्त ज्याच्या गळ्यात पडते त्यालाच कळते. मी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि वॉर्डावॉर्डांच्या वेगळ्या फाइली केल्या. इन्चार्ज सिस्टरने आपल्या वॉर्डात बसून नावं भरायची. ऑफिसातली मुख्य फाइल त्या नावांशी जोडलेली. उघडताना 'अपडेट' म्हटलं की वॉर्डात जे लिहिलंय तेच इथे येणार. मधे कुणी नाही. मेट्रन नाही, मी नाही, साहेबही नाहीत. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

"मेल मेडिकल वॉर्डाची रात्रपाळी दाखवा," साहेब म्हणाले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची."

मी दाखवली. दोन नावं होती. सारिका भंडलकर आणि अर्चना.

"बघा. दोघी होत्या. दोघी असताना म्हातारा पेशंट कॉटवरून पडतो, खुबा मोडतो आणि कुणाला पत्ता नाही. अर्चना त्या वेळी वरच्या मजल्यावर औषधं आणायला गेली होती. मग वॉर्डात कोण होतं? भंडलकर. ती झोपली होती. उद्याच्या चौकशीत एवढंच दाखवायचंय. सोपं आहे."

"अर्चना रात्रभर औषधं आणत होती?"

साहेब उठले. "उद्या अकराला मीटिंग आहे. त्याआधी ब्रेक लिंक झालेली फाइल पाहिजे." जाताना त्यांनी मॉनिटरवरचा वाळका हार ओढून काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

*

हार कचऱ्यात टाकून मी पहिल्यांदा 'अपडेट' दाबलं. फाइल सापडत नाही असं उत्तर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. एका वॉर्डाची नव्हे, सगळ्याच वॉर्डांची फाइल सापडत नव्हती. म्हणजे मुख्य फाइल दसऱ्याच्या आधीपासून आंधळी होती आणि आदल्या आठवड्यात आगाऊ भरलेली नावं तशीच दाखवत बसली होती. मी रजेवर असताना जो कुणी ती उघडत होता, तो 'डोन्ट अपडेट' दाबून पुढे जात होता.

मी तारळेकरला फोन लावला. तो आमचा कॉम्प्युटरवाला. माणूस गरीब, पण त्याच्या हाताला काम नसलं की मला भीती वाटायची.

"वॉर्डाच्या फाइली कुठं घालवल्यास?"

"घालवतोय कशाला सिस्टर? हायत की."

"कुठं हायत?"

"खंडेनवमीला सगळं आवरलं न्हवं का. अवजारं पुसली, ऑपरेशनच्या कात्र्या मांडल्या, ॲम्ब्युलन्सला हार घातला. मग म्हटलं कॉम्प्युटरचंबी आतनं आवरावं. सगळ्या फाइली इकडंतिकडं पडल्या हुत्या. एक फोल्डर केला आन् सगळ्या त्यात घातल्या. सणाचं म्हणून नाव 'श्री' ठेवलं."

"श्री?"

"श्री. शुभ असतंय."

"आणि वॉर्डातल्या सिस्टरना?"

"त्यास्नी नवी वाट करून दिली की. त्या रोज भरत्यात. तुमचीच एक ऱ्हायली. तुमी गावाला हुता."

मला हसावं की रडावं कळेना. साऱ्या देशात कॉम्प्युटर बिघडत असतील, पण पूजेच्या दिवशी भक्तिभावाने फाइली आवरून जोडलेलं तोडणारा माणूस आमच्याच वाट्याला आला होता. त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. घरात सणाला आपण तेच करतो. माळ्यावरचं सामान इतकं नीट लावतो की पुढे वर्षभर काही सापडत नाही.

मी 'श्री' उघडला. मेल मेडिकलची फाइल तिथे होती. ती सरळ उघडली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या रात्रपाळीवर आले.

एकच नाव होतं. सारिका भंडलकर.

*

सारिका मला लिननच्या, म्हणजे चादरी-अभ्रे ठेवायच्या, खोलीमागच्या जिन्यात सापडली. पोरगी दोन वर्षांपूर्वी शिकून आलेली, जतच्या बाजूची, बोलायला फटकळ. माझ्यासारखीच म्हणून मला आवडायची. त्या दिवशी ती पायरीवर बसून एका छापील कागदाकडे बघत होती.

"काय आहे ते?"

"माफीनामा. साहेबांनी तयार करून दिलाय. मला डुलकी लागली हुती असं लिवलंय. सही केली तर नुसती नोकरी जाईल म्हणत्यात. न्हाई केली तर नर्सिंग कौन्सिलला कळवणार. मग रजिस्ट्रेशनच जातंय. कुठंच सिस्टर म्हणून उभं करणार न्हाईत."

"झोपली होतीस?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला विचारल्याची लाज वाटली.

"पलीकडच्या टोकाला एका पेशंटला फिट आलेली. त्याला धरून बसले हुते. आख्खा वॉर्ड भरलेला आन् मी एकटी. शिवगोंडा तात्यांनी हाक मारली असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पन मी जाऊ कशी? त्याला सोडून? तात्या बाथरूमला निघाले आन् पडले. तात्यांच्या लेकानं मला मारायला हात उचलला हुता. मी काय म्हणू त्याला? त्याचा बाप पडलाय."

"अर्चना कुठं होती?"

"स्पेशल रूमला. तिला ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच वर बोलावलं. सकाळीच खाली आली."

"कुणी बोलावलं?"

"कुनी बोलावणार? साहेबांनी. लिहून न्हाई, तोंडी." ती कुजबुजली, "स्पेशलला मगदूम अण्णांचे व्याही हायत, सिस्टर."

आता सगळं उलगडलं. मगदूम अण्णा म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांच्या व्याह्यांना नुसता ताप होता, पण साहेबांनी त्यांच्या उशाशी रात्रभर स्वतंत्र सिस्टर बसवली. अण्णांनी न मागताच. आणि ती सिस्टर आणली कुठून, तर जिथे बोंब मारणारं कुणी मोठं नाही अशा वॉर्डातून. आता चौकशीला अण्णाच बसणार होते. त्यांच्यासमोर हे कोण काढणार? अर्चना तर फोनही उचलत नव्हती.

मी सारिकाच्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि माझ्या पर्समध्ये टाकला.

"सही केलीस तर माझ्याशी गाठ आहे."

"मग करू काय?"

"उद्या अकराला तोंड धुऊन, कडक गणवेश घालून मीटिंगला ये. रडायचं नाही. बाकी मी बघते."

काय बघणार होते ते मला तरी कुठे ठाऊक होतं. पण त्या वेळी तिला तसं सांगण्यात अर्थ नव्हता.

*

मी परत आले तेव्हा साहेब माझ्याच खुर्चीत बसले होते. पडद्यावर 'श्री' मधली मेल मेडिकलची फाइल मी उघडी टाकून गेले होते. ते तिच्याकडे बघत होते.

"तुम्ही फार खोलात जाता," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हे बघा. मुख्य फाइलमध्ये दोन नावं आहेत. ही वॉर्डाची फाइल कोण जाणे कुणी बदलली. उद्या मुख्य फाइलच दाखवायची."

"काटकर सिस्टरनी बदलली. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज आहेत. भरायचा हक्क त्यांचा. मुख्य फाइल फक्त त्यांचं ऐकते."

"सध्या ऐकत नाहीये ना? मग तसंच राहू द्या."

"मी लिंक जोडणार."

"जोडा." साहेब हसले. "तुम्हाला हौस आहे तर जोडा. पण मग काटकर सिस्टर आपली चूक दुरुस्त करतील. त्यांना मी बोलावलंय. त्यांनी अर्चनाचं नाव परत लिहिलं की तुमची लिंक काय आणेल? दोन नावं. तोडलीत तरी दोन, जोडलीत तरी दोन. मग उगाच माझ्याशी वैर कशाला?"

त्या माणसाने माझ्याच फाइलीचं तत्त्व उचलून माझ्या तोंडावर मारलं होतं. वॉर्ड जे म्हणेल ते खरं, असं मीच ठरवलं होतं. आणि वॉर्डाला काय म्हणायला लावायचं ते त्यांच्या हातात होतं.

"ब्रेक लिंक मी दाबणार नाही," मी म्हणाले.

"दाबू नका. उद्या फाइल तुम्हीच उघडायची. चौकोन आला की 'डोन्ट अपडेट' दाबायचं. एवढं तरी जमेल? नाही जमलं तर लिनन सेक्शनला जागा रिकामी आहे. तिथे कॉम्प्युटर नाही. पाठीला बरं पडेल."

ते गेले. दाराशी मेट्रन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रणभिसे मेट्रन रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. या हॉस्पिटलात सगळ्यांशी जमवून घेत त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि जमवून घेतल्यामुळेच आमच्यासारख्यांना वेळोवेळी वाचवलंही होतं.

"मेट्रन, उद्या मी..."

"कुंदा, मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल."

त्यांनी माझ्या टेबलावर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा केल्या आणि त्या निघून गेल्या. मी त्यांना विचारलं नाही.

*

काटकर सिस्टर साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्या तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. उंच, हाडकुळ्या बाई. निवृत्तीला काही महिने राहिलेले. नवरा अंथरुणावर. वॉर्डातल्या पोरी त्यांना मागे 'सासू' म्हणायच्या आणि अडचण आली की पहिल्यांदा त्यांच्याकडेच धावायच्या.

"सिस्टर, काय म्हणाले?"

"काय म्हणणार? नाव घाला म्हणाले."

"मग?"

"मग काय, हूं म्हटलं."

"हूं?"

"त्यांच्याम्होरं दुसरं काय म्हणत्यात?" त्या चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. "माझ्या निवृत्तीचे कागद त्यांच्या टेबलावर हायत, कुंदा. ते कागद उघडून ठेवूनच बोलत हुते माझ्याशी. तुला काय, तुझं तोंड चालतंय. तुला घरात कमावणारा हाय."

"सारिकाला घालवणार आहेत."

"म्हाईत हाय मला. माझ्या वॉर्डातली पोरगी हाय, तुझ्या न्हवं."

"सिस्टर, मी उद्या सगळ्यांसमोर लिंक जोडणार. पडद्यावर. तुमच्या फाइलीत जे असेल ते तिथे येणार."

त्या थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या अंगावर ओरडतील असं मला वाटलं.

"मला धमकी देतीस व्हय?"

"नाही. सांगून ठेवते. तुम्हाला न सांगता जोडली असती तर ती लबाडी झाली असती."

त्या वॉर्डाचं दार ढकलून आत गेल्या आणि दार त्यांच्या मागे हलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसले. 'श्री' समोरच होता. एक क्लिक केलं असतं तर काटकर सिस्टरनी रात्रीत काय केलं ते दिसलं असतं. मी तो मुद्दामच उघडला नाही. दोन नावं दिसली असती तर मी गप्प बसण्याचं कारण शोधलं असतं, माझी मला चांगली ओळख आहे. ते कारण मला स्वतःला द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर साहेबांचा त्या बाईंवर जेवढा भरवसा होता, त्यापेक्षा माझा कमी का असावा, असा मी हट्ट धरला होता.

*

मीटिंगच्या खोलीत पडदा आणि प्रोजेक्टर लावला होता, माझाच कॉम्प्युटर आणून त्याला जोडला होता. तो प्रोजेक्टर मगदूम अण्णांनी स्वतः देणगी दिलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट कागदावर दाखवलेली त्यांना चालत नसे. अण्णा मधे बसले होते, पांढरी टोपी, समोर काठी टेबलाला टेकवलेली. ऐकू कमी यायचं, पण नजर शाबूत होती. बाजूला दोन ट्रस्टी, मग साहेब, मेट्रन. भिंतीला लागून काटकर सिस्टर, आणि त्यांच्यापासून थोडी दूर सारिका, कडक गणवेशात. काटकर सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. मी जेवढा वेळ त्यांच्याकडे बघितलं तेवढा वेळ त्या खिडकीकडे बघत होत्या.

साहेबांनी मांडणी छान केली. पेशंटचं वय, पडल्याची वेळ, नातेवाइकांची तक्रार. "वॉर्डात नियमाप्रमाणे दोन सिस्टर होत्या, अण्णा. व्यवस्थापनाकडून कसूर नाही. आवटी सिस्टर, ड्यूटी लिस्ट दाखवा."

मी फाइल उघडली. चौकोन आला. मोठ्या पडद्यावर तो केवढा तरी दिसत होता.

"डोन्ट अपडेट," साहेब सहज म्हणाले.

मी 'अपडेट' दाबलं.

फाइल सापडत नाही असं उत्तर आलं. अण्णांनी डोळे बारीक केले. "काय म्हणतंय ते?"

"काही नाही अण्णा, तांत्रिक आहे. सिस्टर, ते बंद करा आणि पुढे चला."

"अण्णा," मी मोठ्याने म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून आणि बाकीच्यांनाही. "दसऱ्याच्या आवराआवरीत वॉर्डाच्या फाइली दुसरीकडे हलल्यात. ही मुख्य फाइल जुन्या जागी शोधतीय. त्यामुळे हिच्यात आत्ता दिसतंय ते दसऱ्याच्या आधीचं आहे. खरं वॉर्डाच्या फाइलीत आहे. जोडून दाखवते."

"त्याची गरज नाही," साहेब म्हणाले. "आवटी सिस्टर, मी सांगतोय ते करा."

"तुम्ही सांगताय ते मी ऐकलं साहेब. मी करणार नाही."

मेट्रन आपल्या हातांकडे बघत होत्या. मी 'एडिट लिंक्स' उघडलं. मेल मेडिकल निवडलं. मग 'चेंज सोर्स', म्हणजे फाइल कुठून घ्यायची ती जागा बदला. त्याच चौकोनात खाली 'ब्रेक लिंक' पण होतं, एका बोटाच्या अंतरावर.

साहेब उठून माझ्या टेबलाकडे आले. "माऊस द्या इकडे."

"बसा नाईकनवरे," अण्णा म्हणाले. "तिला काय दाखवायचंय ते दाखवू दे. पडदा कशाला लावलाय मग?"

साहेब बसले नाहीत, पण तिथेच थांबले. मी 'श्री' शोधला. तारळेकरने सणाचं म्हणून ठेवलेलं ते नाव पडद्यावर आलं तेव्हा एका ट्रस्टींनी सवयीने हात जोडल्यासारखं केलं. मी आतली फाइल निवडली आणि एन्टर दाबलं. हळदीने चिकटलेलं बटण खाली बसलं ते वर येईना. मला ते नखाने उचलावं लागलं.

पडदा क्षणभर तसाच राहिला. दोन नावं. मग ओळ हलली.

सारिका भंडलकर. तिच्याखाली काही नाही.

तेवढ्यात माझी नजर शेजारच्या शेऱ्याच्या चौकोनाकडे गेली. काल मी स्वतः ही फाइल पाहिली होती आणि तो चौकोन कोरा होता. आता त्यात लिहिलेलं होतं. अण्णा काठी घेऊन उठले, पडद्याच्या जवळ गेले आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक शब्द वाचू लागले.

"अर्चना सिस्टर, ड्यूटी सुरू होण्याआधी, प्रशासक साहेबांच्या तोंडी आदेशावरून, स्पेशल रूमला पाठवली. वॉर्डात एकच सिस्टर राहील असे मी साहेबांना सांगितले होते. वि. का. काटकर, इन्चार्ज."

ते वळले. "स्पेशल रूमला कुणासाठी?"

साहेब म्हणाले, "अण्णा, ही फाइल कुणी तरी नंतर..."

"माझी फाइल हाय," काटकर सिस्टर भिंतीपासून पुढे आल्या. "मीच भरलीय. काल साहेबांनी बोलावलं आन् जे ऱ्हायलंय ते घाला म्हणाले. जे ऱ्हायलं हुतं ते घातलं." मग त्या अण्णांकडे वळल्या आणि आवाज जरा चढवला, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. "तुमच्या व्याह्यांसाठी, अण्णा."

अण्णा खुर्चीत बसले. ते काठीची मूठ चोळत होते. त्यांना वाईट वाटलं की राग आला, मला सांगता येणार नाही. श्रीमंत माणसाचा चेहरा मला वाचता येत नाही.

"मी सिस्टर मागितली होती?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"नाही अण्णा. आपल्या घरचं माणूस म्हणून..."

"मी मागितली नव्हती," अण्णा दोन ट्रस्टींकडे बघून म्हणाले. "हे लिहून घ्या." मग सारिकाकडे बोट करून, "त्या पोरीवर काही करायचं नाही. आणि त्या म्हाताऱ्याच्या घरी कुणी तरी जा. मीच जातो."

मीटिंग संपली. सारिका अजून तशीच ताठ उभी होती. रडायचं नाही असं मी सांगितलं होतं, ते ती पाळत होती. मी पर्समधून माफीनाम्याच्या चार घड्या काढून तिच्या हातात दिल्या. तिने तो कागद उलगडला नाही. तिथेच टराटरा फाडला, साहेबांच्या डोळ्यांदेखत, आणि तुकडे गणवेशाच्या खिशात घातले. कचरा तिथे टाकायचा नसतो ही शिस्त ती तेव्हाही विसरली नाही.

कॉरिडॉरमध्ये मी काटकर सिस्टरना गाठलं. मला काही तरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून रात्री घरला जायच्या आधीच लिहून टाकलं. घरला गेले असते तर नवऱ्याचं तोंड बघून मन फिरलं असतं." त्या चालता चालता थांबल्या. "आन् तू गं? मी दुसरं नाव घातलं असतं तर?"

"तर सगळ्यांसमोर तुमच्याशी भांडले असते."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "त्यापरीस हे बरं पडलं."

*

साहेबांना कुणी काढलं नाही. तसं होत नसतं. काटकर सिस्टरचे कागद त्यांनी निवृत्तीनंतर पावसाळा उलटेपर्यंत अडवून ठेवले, आणि ते सुटावेत म्हणून मेट्रन दर सोमवारी अण्णांच्या दारात जाऊन बसायच्या. जमवून घेणाऱ्या मेट्रन. आवाज न चढवता, नुसत्या बसायच्या. माझी बदली दिवाळीच्या आधीच लिनन सेक्शनला झाली. साहेब स्वतः आदेश घेऊन आले. मी वाचून खाली सही केली आणि म्हणाले, "हा लेखी दिलात ते बरं केलंत. तोंडी असता तर मी ऐकला नसता." त्यांना राग आला. यावा म्हणूनच बोलले होते.

मी लिननमध्येच निवृत्त झाले. चादरी, उशांचे अभ्रे, बाळांची दुपटी. पाठीला खरंच बरं पडलं. सारिका आता जवळच्याच दुसऱ्या हॉस्पिटलात इन्चार्ज आहे, आणि तिच्या हाताखालच्या पोरी तिलाही मागे 'सासू' म्हणतात, असं कळलं.

बदली झाली त्याच आठवड्यात लिननच्या खोलीतला फोन वाजला होता. माझ्या जागी आलेली नवी मुलगी होती. घाबरलेली.

"आवटी सिस्टर, फाइल उघडली की चौकोन येतोय. अपडेट करू का, नको करू का विचारतोय. साहेब म्हणाले 'डोन्ट अपडेट' दाब. मी काय दाबू?"

साहेब तिच्या शेजारीच उभे आहेत हे मला तिच्या आवाजावरून कळलं. म्हणून मी त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"अपडेट. रोज अपडेटच दाबायचं. आणि कुणी दुसरं सांगितलं, तर त्याच्याकडून लिहून घे."